पगवॉश परिषदा : प्रस्तावना

विज्ञानाने उभे केलेले प्रश्न सोडवण्यासाठी निरनिराळ्या देशांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसावे आणि त्यांच्या विचारविनिमयाची दखल राज्यकर्त्यांनी घ्यावी, ही कल्पना आज इतकी रुळली आहे की तिच्यामागे एक विशिष्ट काळ, एक विशिष्ट भीती आणि मोजकी माणसे होती, हे सहसा लक्षात येत नाही. ब्युडापेस्टला १९९९ मध्ये भरलेली जागतिक विज्ञान परिषद, पुढे त्याच शहरात सुरू झालेला जागतिक विज्ञान मंच, क्योटो येथे २००४ पासून भरणारी शास्त्रज्ञ, उद्योगपती आणि मंत्री यांची संमेलने, हे सगळे उपक्रम मोठे, बऱ्यापैकी झगमगीत आणि सरकारी आश्रयाखालचे आहेत; त्यांतून घोषणापत्रे निघतात, छायाचित्रे निघतात, आणि बहुधा तिथेच विषय संपतो. त्यांच्या मानाने १९५७ मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील पगवॉश नावाच्या खेड्यात जमलेली बावीस माणसांची बैठक अगदीच लहान होती. तरीही विज्ञान आणि समाज यांच्या संबंधांचा इतिहास लिहिणाऱ्याला आरंभ या बैठकीपासूनच करावा लागतो, कारण अशा मेळाव्यांना काय साधते, काय साधत नाही आणि जे साधते त्याची किंमत कोण मोजते, हे तिच्यापासून सुरू झालेल्या परिषदांच्या मालिकेत जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र दिसत नाही.

या मालिकेचे मूळ प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने केलेल्या उष्माण्विक स्फोटात आहे. उष्माण्विक म्हणजे ज्यात हायड्रोजनसारख्या हलक्या मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रांचे प्रचंड तापमानात संमीलन होऊन ऊर्जा बाहेर पडते असे अस्त्र. सामान्य बोलीत त्याला हायड्रोजन बॉम्ब म्हणतात. ‘ब्राव्हो’ या सांकेतिक नावाच्या या चाचणीतून पंधरा मेगाटन, म्हणजे दीड कोटी टन टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा मुक्त झाली. हा आकडा रचनाकारांच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक आणि हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट होता. धोक्याचे म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्राच्या बाहेर मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर राखेसारखी किरणोत्सारी धूळ पडली, तिच्यावरचे तेवीसही खलाशी आजारी पडले आणि नौकेवरील रेडिओ-चालक सप्टेंबरमध्ये मरण पावला. चाचणीनंतर महिनाभरातच, २ एप्रिल रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या निदान तूर्त थांबवण्याविषयी महासत्तांमध्ये समझोता व्हावा अशी मागणी केली. एखाद्या देशाच्या सरकारप्रमुखाने अशी मागणी करण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

मात्र त्या धुळीतून खरी माहिती बाहेर काढली ती सरकारांनी नव्हे. जपानी जीवभौतिकशास्त्रज्ञ यासुशी निशिवाकी यांनी नौकेवरील राखेची मोजमापे घेतली होती. ती त्यांनी बेल्जियममधील एका बैठकीत जोसेफ रोटब्लाट या लंडनवासी पोलिश भौतिकशास्त्रज्ञाच्या हाती दिली. रोटब्लाट यांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की स्फोटाची बरीचशी ऊर्जा संमीलनातून नव्हे, तर बॉम्बभोवतीच्या युरेनियमच्या आवरणाचे विखंडन होऊन, म्हणजे जड अणुकेंद्रे फुटून, निर्माण झाली होती, आणि म्हणूनच किरणोत्सार अधिकृत निवेदनांवरून वाटला होता त्याहून कितीतरी अधिक होता. एका देशातील शास्त्रज्ञाने मोजायचे, दुसऱ्या देशातील शास्त्रज्ञाने त्याचा अर्थ लावायचा आणि दोघांनी मिळून तिसऱ्या देशाच्या सरकारचे गुपित उघड करायचे, हा पुढच्या सगळ्या कहाणीचा लहानसा नमुनाच म्हणावा लागेल. रोटब्लाट यांचा अधिकारही वेगळ्या प्रतीचा होता. लॉस अलामॉस येथे अमेरिकेच्या बॉम्बप्रकल्पावर काम करत असताना, जर्मनीकडे असे अस्त्र होऊ शकत नाही हे १९४४ च्या अखेरीस स्पष्ट होताच, नैतिक कारणास्तव तो प्रकल्प सोडून जाणारे ते एकमेव शास्त्रज्ञ मानले जातात. पुढे त्यांनी लंडनमधील एका रुग्णालयात भौतिकशास्त्राचा वैद्यकातील वापर हे आपले कार्यक्षेत्र निवडले, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे.

तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी डिसेंबर १९५४ मध्ये बीबीसीवरून केलेल्या भाषणातून एका जाहीरनाम्याची कल्पना पुढे आली. रसेल यांनी मसुदा करून आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला. आइन्स्टाइन यांनी ११ एप्रिल १९५५ रोजी त्यावर सही केली आणि आठवड्याभरात, १८ एप्रिल रोजी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ९ जुलै रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये हा जाहीरनामा प्रसिद्ध करण्यात आला तेव्हा त्यावर अकरा जणांच्या सह्या होत्या, आणि त्यांपैकी नऊ जण तोवर नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले होते. फ्रान्सचे फ्रेडरिक जोलियो-क्युरी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते, तर अमेरिकेचे हर्मन मुलर हे जनुकविज्ञानाच्या प्रश्नावरून सोव्हिएत संघाचे कडवे टीकाकार होते. अशा माणसांना एका कागदावर आणणे हेच रसेल यांचे कौशल्य होते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या दोन्ही गटांनी मानवजातीचे सदस्य म्हणून विचार करावा, हे आवाहन आज सर्वतोमुखी आहे. जाहीरनाम्यातील व्यवहाराचा भाग मात्र सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि तो म्हणजे सामूहिक संहाराच्या अस्त्रांपासून उद्भवलेल्या धोक्याचा अंदाज घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी परिषद भरवावी, ही सूचना.

ही परिषद भारतात व्हायची होती, हे मराठी वाचकाला विशेष सांगितले पाहिजे. नेहरूंनी तिच्या यजमानपदाची तयारी दाखवली होती आणि दिल्लीत ती भरवण्याचे ठरतही आले होते. परंतु १९५६ च्या उत्तरार्धात सुएझचा पेच उद्भवला, प्रवास आणि राजकारण दोन्ही विस्कटले आणि बेत रद्द झाला. ग्रीक जहाजमालक ॲरिस्टॉटल ओनॅसिस यांनी मोनाकोत परिषद भरवल्यास खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती, पण ती स्वीकारली गेली नाही. अखेर सायरस ईटन हे कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेत पोलाद व रेल्वे या धंद्यांत गब्बर झालेले उद्योगपती पुढे आले, आणि त्यांच्या जन्मगावी, नोव्हा स्कोशा प्रांतातील पगवॉशला, जुलै १९५७ मध्ये परिषद भरली. दिल्लीला ती भरली असती तर तिचा तोंडवळा वेगळा झाला असता. प्रत्यक्षात जे बावीस जण जमले त्यांत अमेरिकेचे सात, सोव्हिएत संघाचे आणि जपानचे प्रत्येकी तीन, ब्रिटन आणि कॅनडाचे प्रत्येकी दोन, आणि ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, चीन, फ्रान्स व पोलंड यांचा एकेक जण होता. भारताचा कोणीही नव्हता. यजमान होऊ पाहणारा देश पहिल्या बैठकीत नसावा, हा योगायोगच होता. पण तिसऱ्या जगाचे प्रश्न या परिषदांत बराच काळ पुरवणीसारखे राहिले, त्याचा आणि या योगायोगाचा संबंध अगदीच नाही असे म्हणता येत नाही.

भारताकडे या विषयावर बोलण्यासारखे काही नव्हते असे मुळीच नाही. पहिल्या पगवॉश बैठकीच्या आदल्याच वर्षी, १९५६ मध्ये, दौलतसिंह कोठारी यांनी अणुस्फोटांच्या परिणामांवरील एक अभ्यासपूर्ण ग्रंथ सिद्ध केला होता, आणि त्या कामात होमी भाभा यांच्याबरोबर मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांचे साहाय्य होते. टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करोगावर काम करणाऱ्या खानोलकरांना किरणोत्सर्गाचा पेशींवर काय परिणाम होतो हे नुसते वाचून ठाऊक नव्हते. भाभा तर ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला भरलेल्या अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचे अध्यक्षच होते. ती परिषद सरकारांची होती; तिथे देशांचे झेंडे होते, शिष्टमंडळे होती, आणि संमीलनातून नियंत्रित ऊर्जा दोन दशकांत मिळेल असे भाभांचे आशावादी भाकीतही होते. जिनिव्हा आणि पगवॉश या दोन नमुन्यांतील फरक समजला की पुढचे बरेचसे समजते.

पगवॉशचा पहिला नियम असा की येणारा माणूस कोणाचाही प्रतिनिधी नसतो; त्याचे सरकार, विद्यापीठ किंवा अकादमी यांच्या वतीने तो बोलत नाही. दुसरा नियम असा की चर्चेत कोण काय बोलले हे बाहेर सांगायचे नाही, आणि पत्रकारांना बैठकीत प्रवेश नाही. पहिल्या परिषदेचे काम तीन समित्यांत वाटलेले होते : अणुऊर्जेच्या युद्धकालीन आणि शांतताकालीन वापराचे धोके, अण्वस्त्रांचे नियंत्रण, आणि शास्त्रज्ञांची सामाजिक जबाबदारी. पहिल्या समितीत मतभेद कमी झाले, कारण धोका मोजता येतो आणि मोजण्याच्या पद्धतीवर मॉस्को व शिकागो यांचे एकमत होऊ शकते. किरणोत्सर्गाने होणाऱ्या हानीला एखादी सुरक्षित मर्यादा आहे काय, असल्यास ती कोणती, हा वाद भौतिकशास्त्राचा आणि जीवशास्त्राचा होता. तिथे विचारसरणीला फारसा वाव नव्हता. पगवॉशची पद्धत जिथे जिथे यशस्वी झाली तिथे तिथे राजकीय वादाच्या पोटात असा एखादा तांत्रिक प्रश्न दडलेला होता, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी.

याचे चांगले उदाहरण चाचणीबंदीचे आहे. वातावरणात किंवा पाण्याखाली केलेली चाचणी दुरूनही ओळखता येते. भूगर्भातील चाचणी मात्र भूकंपासारखी भासू शकते, आणि तिची खात्री करण्यासाठी परदेशी निरीक्षकांना आपल्या भूमीवर येऊ द्यावे लागेल, या मुद्द्यावर वाटाघाटी अडल्या होत्या. सप्टेंबर १९६२ मध्ये लंडनला भरलेल्या पगवॉश परिषदेत अमेरिकन आणि सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मिळून एक तोड सुचवली : आतील नोंदींत फेरफार करता येणार नाही अशी, मोहोरबंद आणि आपोआप चालणारी भूकंपमापक यंत्रे सोव्हिएत भूमीवर बसवावीत, म्हणजे प्रत्यक्ष तपासण्यांची संख्या कमी करता येईल. हीच सूचना त्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना लिहिलेल्या पत्रात आढळते, आणि त्या पत्रात वर्षाला दोन-तीन प्रत्यक्ष तपासण्यांनाही तयारी दाखवलेली आहे. अमेरिकेला अधिक तपासण्या हव्या होत्या. ती सातपर्यंत खाली आली, पण सोव्हिएत बाजू तीनच्या वर सरकली नाही. परिणामी ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत सही झालेल्या कराराने वातावरण, अंतराळ आणि पाणी या तिन्ही ठिकाणच्या चाचण्या बंद झाल्या, भूगर्भातल्या चालू राहिल्या. या कराराचे श्रेय पगवॉशला देण्याची चाल आहे आणि ती अतिशयोक्तीची आहे. क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या पेचाने दोन्ही राजधान्यांत बसवलेली धास्ती हे त्याचे मोठे कारण होते. मात्र वाटाघाटीच्या मेजावर ठेवण्यासाठी एक तयार वस्तू तिथे होती, आणि ती दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांनी मिळून घडवलेली होती, एवढे निश्चित.

दुसरे उदाहरण राजस्थानातील उदयपूरचे आहे, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे ठरते. १९६४ च्या आरंभी तिथे भरलेल्या बाराव्या परिषदेत अमेरिकेचे जॅक रुइना आणि मरे गेल-मान यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर, म्हणजे शत्रूचे क्षेपणास्त्र वाटेतच नष्ट करणाऱ्या यंत्रणांवर, एक निबंध मांडला. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता विपरीत होता : बचावाची यंत्रणा उभारली की प्रतिपक्षाला आपला मारा निष्फळ होण्याची भीती वाटते, म्हणून तो मारक अस्त्रांची संख्या वाढवतो, आणि अशा रीतीने बचाव हेच शर्यतीचे इंधन होते, शिवाय बचाव अपुरा असेल तरी तो आहे या भरवशावर कोणी प्रथम हल्ला करण्याचे धाडस करील. सोव्हिएत सहभागींना हे पटले नाही. दुसऱ्या महायुद्धात दोन कोटींहून अधिक माणसे गमावलेल्या देशाच्या शास्त्रज्ञांना बचाव हा अपराध कसा ठरू शकतो हे कळेना, आणि त्यांची ही भावना समजण्याजोगी होती. १९६७ मध्ये ग्लासबरो येथे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्याशी झालेल्या भेटीत पंतप्रधान कोसिगिन यांनीही तोच नैतिक आक्षेप घेतला. परंतु त्यानंतरच्या पगवॉश बैठकांत आणि त्यांच्या आधाराने चाललेल्या सोव्हिएत-अमेरिकी अभ्यासगटांत हा वाद पुन:पुन्हा झाला, सोव्हिएत शास्त्रज्ञांनी स्वत:ची गणिते केली, आणि २६ मे १९७२ रोजी मॉस्कोत दोन्ही देशांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर कडक मर्यादा घालणारा करार केला. उदयपूर ते मॉस्को हे अंतर आठ वर्षांचे होते. एवढा धीर धरणारी सरकारी शिष्टमंडळे सहसा नसतात. त्यांची माणसे बदलतात, सूचनापत्रे बदलतात. पगवॉशची माणसे तीच राहिली आणि एकमेकांना ओळखत गेली, हे या पद्धतीचे बळ होते. २००२ मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेर पडली तेव्हा बचावाच्या बाजूने वॉशिंग्टनमध्ये जे बोलले गेले ते उदयपुरातील सोव्हिएत आक्षेपाच्या फार जवळचे होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

जिथे तांत्रिक गाभा नव्हता तिथे ही पद्धत लंगडी पडली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, जून १९६७ मध्ये पॅरिसला झालेल्या पगवॉशच्या बैठकीतून दोन फ्रेंच व्यक्तींना हनोईला पाठवण्याची कल्पना निघाली : जीवशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्कोविच आणि रेमों ओब्राक. ओब्राक यांच्या घरी उत्तर व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह १९४६ मध्ये राहिले होते, त्यामुळे दार उघडले. निरोप वॉशिंग्टनपर्यंत पोहोचवण्याचे काम हेन्री किसिंजर नावाच्या प्राध्यापकाने केले. काही महिने संदेशांची देवाणघेवाण झाली आणि ऑक्टोबरमध्ये ती तुटली, कारण एकीकडे निरोप जात असताना दुसरीकडे हनोईवर बॉम्ब पडत होते. तिथे कोणतेही यंत्र बसवून सुटणारा प्रश्न नव्हता.

या परिषदांवरील आक्षेप मात्र केवळ अपयशाचे नाहीत. सोव्हिएत सहभागींची निवड त्यांची विज्ञान अकादमी करी आणि परतल्यावर ते पक्षाच्या केंद्रीय समितीला अहवाल देत. तेव्हा ‘खासगी व्यक्ती’ हा नियम एका बाजूला वस्तुस्थिती होता आणि दुसऱ्या बाजूला सोयीचे सोंग. अमेरिकेतील कडव्या राजकारण्यांनी यावरून पगवॉशला सोव्हिएत प्रचाराचे हत्यार ठरवले. ईटन यांना १९६० मध्ये मिळालेल्या लेनिन शांतता पारितोषिकाने या आरोपाला खतपाणीच मिळाले. पण ते सोंग निरुपयोगी होते असे नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ सरकारला जबाबदार होता म्हणूनच त्याच्या कानावर घातलेली गोष्ट सरकारच्या कानापर्यंत जाई. पूर्णपणे स्वतंत्र माणूस आणला असता तर तो मोकळेपणाने बोलला असता, पण क्रेमलिनमध्ये त्याचे ऐकणारे कोणी नसते. हीच गोष्ट थोड्या फरकाने अमेरिकन सल्लागारांनाही लागू होते. सत्तेच्या जवळ असल्याशिवाय उपयोग नाही आणि सत्तेच्या जवळ असले की मोकळीक नाही, या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत पगवॉश उभी राहिली. त्या जागेचे मोल १९८० मध्ये द्यावे लागले : सरकारवर उघड टीका करणारे भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांना सोव्हिएत सरकारने गोर्की शहरात स्थानबद्ध केले तेव्हा, दार उघडे राहावे म्हणून मौन पाळायचे की एका सहकारी शास्त्रज्ञासाठी ते दार आपटून निघून जायचे, हा प्रश्न पाश्चात्त्य शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला आणि त्याचे समाधानकारक उत्तर कोणालाच देता आले नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. विज्ञान आणि समाज यांविषयी बोलणाऱ्या या बैठकांत समाज कुठे होता? फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे जनुकजोडणीच्या, म्हणजे एका सजीवाच्या जनुकांचा तुकडा दुसऱ्याच्या जनुकांत बसवण्याच्या, प्रयोगांचे धोके ठरवण्यासाठी जीवशास्त्रज्ञ जमले तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला. तिथे पत्रकारांना बोलावले होते, काटेकोर सुरक्षानियम ठरले आणि शास्त्रज्ञांनी स्वत:वर निर्बंध घातल्याचे कौतुकही झाले. परंतु जैविक अस्त्रे आणि मानवी जनुकांत हस्तक्षेप करण्याची नैतिकता हे विषय मुद्दाम बाजूला ठेवले गेले, आणि धोका म्हणजे प्रयोगशाळेतून निसटलेला जंतू एवढाच अर्थ उरला. प्रश्नाची व्याख्या ज्यांच्या हाती, उत्तरही त्यांच्याच हाती, असे दोन्हीकडे झाले. पगवॉशने निदान अस्त्रांचा प्रश्न टाळला नाही. पण ज्यांच्या डोक्यावर ती अस्त्रे पडायची होती त्यांना मेजाभोवती जागा फारच थोडी दिली. जपानी शास्त्रज्ञ, विशेषत: हिदेकी युकावा, या उणिवेकडे पुन:पुन्हा लक्ष वेधत राहिले; अण्वस्त्रांचे नियंत्रण नव्हे, संपूर्ण उच्चाटन, हे त्यांचे म्हणणे बैठकीतील ‘वास्तववादी’ मंडळींना अनेकदा भाबडे वाटे.

भारतीय सहभागींचे म्हणणेही याच बाजूला झुकणारे होते, पण त्याची कारणे वेगळी होती. अस्त्रे असणाऱ्यांनी ती आपसांत मोजून ठेवावीत आणि नसणाऱ्यांनी ती कधीच घेऊ नयेत, या व्यवस्थेला १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने कायद्याचे रूप दिले आणि भारताने त्यावर सही केली नाही. १८ मे १९७४ रोजी पोखरणला चाचणी झाली. जानेवारी १९७६ मध्ये पगवॉशची पंचविसावी परिषद मद्रासला भरली तेव्हा देशात आणीबाणी होती. मोकळ्या चर्चेसाठी ओळखली जाणारी ही संस्था वृत्तपत्रांवर नियंत्रण असलेल्या देशात जमली होती, आणि बंद दाराआड बोलण्याचा तिचा नियम त्या वेळी यजमानांनाही सोयीचाच पडला असावा. पुढे मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान या दोघांनी चाचण्या केल्यावर दक्षिण आशिया हा परिशिष्टाचा विषय राहिला नाही. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, २००२ ते २००७ दरम्यान, संस्थेने दोन्ही देशांतील माणसांना समोरासमोर बसवण्याचे काम हाती घेतले, आणि डिसेंबर २००४ मध्ये काठमांडूला नियंत्रणरेषेच्या दोन्ही बाजूंचे काश्मिरी नेते व विचारवंत तिने एकत्र आणले. शेतीशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालील अणुशास्त्रज्ञांच्या संस्थेने राजकीय नेत्यांची बैठक भरवावी, यावरून ती मूळ हेतूपासून किती लांब आली होती हे दिसते. ती लांब आली म्हणून ढासळली असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल, कारण काश्मीरच्या प्रश्नात तांत्रिक गाभा शोधूनही सापडला नसता.

हिरोशिमा आणि नागासाकीनंतर पन्नास वर्षांनी, १९९५ मध्ये, शांततेचे नोबेल पारितोषिक रोटब्लाट आणि पगवॉश यांना विभागून देण्यात आले. त्याच शरद ऋतूत फ्रान्स प्रशांत महासागरात चाचण्या करत होता, आणि निवड समितीला हा योग साधायचा होता असे अनेकांना वाटले. रोटब्लाट २००५ मध्ये वारले. त्यांची कागदपत्रे केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजात जतन केलेली आहेत. पगवॉशचा इतिहास लिहिताना याच कागदपत्रांपासून सुरुवात होते, पण त्यांच्यावर थांबता येत नाही, कारण बैठकीत कोण काय बोलले हे न सांगण्याचा नियम संस्थेने स्वत:च्या दप्तरातही बराचसा पाळला. उरलेली माहिती सहभागींनी घरी परतल्यावर आपापल्या मंत्रालयांना आणि अकादम्यांना दिलेल्या अहवालांत विखुरलेली आहे, आणि एकाच सायंकाळच्या एकाच संभाषणाचे वॉशिंग्टनला गेलेले व मॉस्कोला गेलेले वर्णन शेजारी ठेवले की प्रत्येकाने आपल्या राजधानीला जे ऐकायला आवडेल ते थोडे ठळक केल्याचे दिसते. पुढील प्रकरणांत अशी वर्णने जिथे उपलब्ध आहेत तिथे दोन्ही दिली आहेत, आणि त्यांच्यात जुळत नाही ते जुळवून घेतलेले नाही.